गेडीचा ठोकळा पुन्हा पुन्हा सैल होतो, तोल जातो: दोष लाकडात की चालण्यात?

गेड्या म्हणजे पाय ठेवायला ठोकळा लावलेल्या, वर चढून चालायच्या दोन काठ्या. घरी केलेल्या गेड्यांबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. चार पावलं टाकली की तोल जातो. ठोकळा कितीही आवळला तरी सैल होतो. एकच पाय सारखा बाहेर पळतो. यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: सराव करा, जमेल. कधी कधी जमतंही. पण ठोकळा डुगडुगत असेल तर सरावाने काहीच सुटत नाही, उलट पाय डुगडुगीची सवय करून घेतो आणि पुढे चांगल्या गेडीवरही तसाच पडतो. दुसरीकडे असंही होतं की लाकूडकाम चोख असतं, काठ्या धरण्याची पद्धत चुकलेली असते, आणि माणूस ठोकळे काढून पुन्हा बसवत राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवा. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे.

हे सगळं हातात धरायच्या गेड्यांबद्दल आहे. खांद्याच्या वर पोचणारी काठी, जमिनीपासून २० ते ३० सेंटीमीटरवर आतल्या बाजूला बसवलेला ठोकळा, ठोकळ्यावर पाय आणि काठी हातात. पायाला पट्ट्यांनी बांधायच्या गेड्या नवशिक्याने घेऊच नयेत. हातातली गेडी तोल गेला की सोडून देता येते, बांधलेली सोडता येत नाही.

डावी उजवीकडे, उजवी डावीकडे

गेड्यांवर खडूने १ आणि २ असे आकडे घाला. नेहमीसारखं चाला आणि कुठला पाय दगा देतो, तो कुठल्या दिशेला जातो ते बघा. मग गेड्यांची अदलाबदल करा, ठोकळे आतल्या बाजूलाच ठेवून. त्रास गेडीबरोबर दुसऱ्या पायाकडे गेला, तर दोष लाकडात आहे. त्रास त्याच पायाकडे राहिला, तर दोष तुमच्या पकडीत किंवा पाऊल ठेवण्यात आहे. पडण्याला ठरावीक दिशाच नसेल, आज पुढे, उद्या बाजूला, तर मात्र तो खरोखर सरावाचा प्रश्न आहे आणि काही दिवसांत आपोआप कमी होतो.

यात एक बारकावा आहे. अदलाबदल करताना गेडी स्वतःभोवती अर्धी फिरते, त्यामुळे तिची पुढची बाजू मागे येते. पुढे कललेला ठोकळा आता मागे कलतो. आधी डावा पाय पुढे घसरत होता आणि आता उजवा मागे घसरतोय, तर तो नवा दोष समजू नका. तोच जुना दोष उलटा दिसतो आहे.

लगेच दोन मापंही घेऊन टाका. दोन्ही गेड्या शेजारीशेजारी जमिनीवर आडव्या ठेवा, खालची टोकं भिंतीला टेकवा. ठोकळ्यांचे वरचे काठ एका रेषेत आले पाहिजेत. नाही आले, तर ज्या गेडीचा ठोकळा टोकापासून जास्त लांब आहे तिचं टोक तेवढं कापून टाका. मग ठोकळ्याच्या वरच्या बाजूला आणि काठीला गुण्या (सुताराचं काटकोन तपासायचं साधन) लावा. कोन काटकोन हवा, किंवा ठोकळ्याचं बाहेरचं, म्हणजे काठीपासून लांबचं, टोक ३ ते ५ मिलिमीटर वर उचललेलं असलं तर आणखी उत्तम, म्हणजे पाऊल आपोआप काठीकडे सरकतं. बाहेरचं टोक खाली झुकलं असेल तर पाऊल प्रत्येक वेळी काठीपासून दूर घसरणार, कितीही सराव करा.

ठोकळा सैल का होतो

ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा येते आणि तिच्यावरचा उपाय सगळ्यात जास्त वेळा चुकतो. नट आवळणं हा उपाय नाही.

तुमचं वजन काठीच्या बरोबर वर पडत नाही, काठीपासून ५-६ सेंटीमीटर बाजूला पडतं. त्यामुळे प्रत्येक पावलाला ठोकळ्याचा वरचा भाग काठीपासून सुटू पाहतो आणि खालचा भाग काठीत रुतू पाहतो. त्याशिवाय दुसरी एक ओढ असते, जिच्याकडे कुणी बघत नाही. पाऊल नेमकं बोल्टच्या रेषेत कधीच पडत नाही. टाचेवर भार आला की ठोकळा मागे फिरू पाहतो, चवड्यावर आला की पुढे. बोल्ट एकच असेल तर ठोकळा त्याच्याभोवती फिरायला मोकळा असतो. त्याला धरून ठेवतं ते फक्त दोन लाकडांमधलं घर्षण. चालताना वॉशरखालचं लाकूड थोडं थोडं दबतं, पकड ढिली होते, ठोकळा फिरतो. तुम्ही नट आवळता, लाकूड आणखी दबतं. थोड्याच दिवसांत भोक लंबगोल होतं आणि मग आवळूनही काही उपयोग होत नाही.

यावर दोन बोल्ट हाच उपाय. ८ मिलिमीटर जाडीचे, काठी आणि ठोकळा दोन्हींतून आरपार जाणारे, एकाखाली एक. दोघांमध्ये १० सेंटीमीटर तरी अंतर ठेवा. अंतर जितकं जास्त, तितकी प्रत्येक बोल्टवरची ओढ कमी. ठोकळा त्रिकोणी असावा: वरची बाजू १० सेंटीमीटर, काठीला लागणारी उभी बाजू साधारण १८ सेंटीमीटर, जाडी काठीइतकीच. वरचा बोल्ट ठोकळ्याच्या वरच्या काठापासून ३ सेंटीमीटर खाली, दुसरा त्याच्या ११ सेंटीमीटर खाली. ठोकळा काठीला शिकंज्यात घट्ट पकडा आणि दोन्हींतून एकदमच भोक पाडा. वेगवेगळी भोकं पाडून नंतर जुळवायला गेलं की एक तरी मोठं करावं लागतं, आणि मोठ्या भोकात बोल्ट खेळतो. नट ठोकळ्याच्या तिरक्या बाजूला येतो, तिथे तो तसाच बसवू नका. पटाशीने छोटी सपाट खाच करा, म्हणजे वॉशर पूर्ण टेकेल. वॉशर मोठे घ्या, २५ मिलिमीटरच्या आसपासचे, आणि आत नायलॉनची कडी असलेले नट वापरा. हादऱ्यांनी ते सुटत नाहीत.

आता लाकडाचे रेषे. ठोकळा कापताना रेषे कुठल्या दिशेला जातात याकडे लक्ष दिलंत तर अर्ध्या तक्रारी उगवणारच नाहीत. रेषे काठीला समांतर, म्हणजे उभे असतील, तर पायाच्या भाराने ठोकळ्याचा बाहेरचा भाग रेषांच्या कडेने फाकतो. आधी बोल्टजवळ केसासारखी चीर दिसते, मग एक दिवस तुकडाच सुटून येतो. रेषे त्रिकोणाच्या तिरक्या बाजूला समांतर हवेत. मग प्रत्येक रेषा पायाखालून निघून काठीपर्यंत पोचते आणि भार थेट काठीत उतरतो. रेषे आडवे असले तरी चालतं. उभे चालत नाहीत.

यातूनच आणखी एका तक्रारीचं उत्तर मिळतं: "मी चार-चार स्क्रू मारले, चांगला गोंद लावला, तरी ठोकळा निघाला." रेषे आडवे असतील तर काठीला टेकणारी बाजू म्हणजे रेषांची कापलेली टोकं, आणि तिरके असले तरी तीच गत थोड्या कमी प्रमाणात. काठीतून आत मारलेला स्क्रू त्या टोकांमध्ये शिरतो, तिथे त्याला धरायला फारसं काही नसतं. गोंद त्या टोकांत शोषला जातो आणि जोड कोरडा राहतो. खिळ्यांची तर गोष्टच सोडा. ज्या जोडावर माणसाचं पूर्ण वजन येणार आहे तिथे खिळा मारूच नये, असं माझं ठाम मत आहे. गोंद लावायचा असेल तर लावा, पण भरवसा बोल्टवर ठेवा.

मोठ्या माणसासाठी गेडी करत असाल तर ठोकळ्याच्या खाली, काठीच्या त्याच बाजूला, एक आधारपट्टी लावा. तिचे रेषे काठीला समांतर असू द्या. दोन्हींचे रेषे समांतर असल्यामुळे इथे गोंद उत्तम धरतो, आणि सोबत दोन स्क्रू. ठोकळ्याचं खालचं टोक अणकुचीदार न करता २ सेंटीमीटर रुंद सोडा आणि ते या पट्टीवर बसवा. मग खाली येणारा भार पट्टी घेते, बोल्टांना फक्त ठोकळा काठीशी धरून ठेवायचं काम उरतं.

जुन्या गेडीचं भोक आधीच लंबगोल झालं असेल तर जाड बोल्ट घालू नका. काठीचं लाकूड आणखी कमी होईल. भोकाच्या मापाची गोल लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, वाळू द्या, आणि ठोकळा ४-५ सेंटीमीटर वर सरकवून नवीन भोकं पाडा. दोन्ही गेड्यांना सारखाच सरकवा. ठोकळ्यात चीर असेल तर ठोकळा नवा करा. चीर काठीत असेल तर काठी बाद. तार गुंडाळून, टेप लावून ती वापरू नका.

दोन बोल्ट लावल्यावरही पहिल्या काही दिवसांत एकदा नट सैल वाटू शकतात. लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. ओलसर लाकडाची गेडी केली असेल तर काठी नटांच्या पकडीत बारीक होते. एकदा आवळा. त्यानंतर हवा खूप दमट किंवा खूप कोरडी झाली की पुन्हा तपासा. पण आठवड्याला आवळावं लागत असेल तर रचनाच चुकली आहे.

काठी वाकते, लवते

काठी बारीक आहे, एवढंच कारण. चौकोनी काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून ३२ ऐवजी ३८ मिलिमीटरची काठी जवळपास दुप्पट ताठ असते. मुलांसाठी ३८, मोठ्यांसाठी ४५. काठी सरळ रेषांची, ठोकळ्याच्या आसपास एकही गाठ नसलेली निवडा. रेषे कडेने तिरके बाहेर पडत असतील तर ती काठी जाड असली तरी घेऊ नका, ती मोडते तेव्हा लांब अणकुचीदार फाक निघते. वरच्या भागाच्या कडा रंध्याने मारा, सँडपेपरने गुळगुळीत करा. हाताच्या जागी चकचकीत वॉर्निश नको, घामाने सटकतं.

मागे पडणं

लाकूड निर्दोष ठरलं असेल तर आता पडण्याच्या दिशेकडे वळू. मागे पडणं सगळ्यात धोक्याचं, कारण दिसत नाही आणि हात टेकता येत नाहीत. नवशिका मागे पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा पायात नसतं, हातात असतं. तो काठ्या छातीसमोर धरतो. तोल जरा डळमळला की घाबरून काठ्या स्वतःकडे ओढतो, काठ्यांची वरची टोकं मागे येतात, ठोकळ्यांसकट सगळंच मागे जातं.

काठी दंडाच्या मागून गेली पाहिजे. खांद्याची मागची बाजू काठीला टेकते, हात काठीच्या पुढून खाली येतो आणि मांडीच्या वरच्या भागापाशी तिला धरतो. कोपर अंगाजवळ. असं धरलं की काठी खांदा, हात आणि पाऊल अशा तीन ठिकाणी तुमच्या ताब्यात राहते. समोर धरलेली काठी फक्त हात आणि पावलाच्या ताब्यात असते. काठीची उंचीही इथूनच ठरते: ठोकळ्याची उंची, अधिक जमिनीपासून तुमच्या खांद्यापर्यंतचं माप, अधिक १५ सेंटीमीटर. काठी खांद्याखालीच संपत असेल तर ही पकड जमणारच नाही, आणि चालताना टोक बगलेत टोचेल.

पकड बदलूनही मागे जात असाल तर पाऊल बघा. फक्त टाच ठोकळ्यावर आहे का? ठोकळा पावलाच्या मध्यभागी, टाचेच्या किंचित पुढे आला पाहिजे. थोडी टाच असलेला बूट घातला तर ती ठोकळ्याच्या मागच्या कडेला अडकते आणि पाऊल पुढे सरकत नाही. चपला नकोतच.

पाय वर येतो, काठी खालीच राहते

हे सगळ्यांना होतं. जमिनीवर चालताना फक्त पाय उचलायची सवय असते. इथे पाय आणि त्याच बाजूचा हात एकाच क्षणी उचलले पाहिजेत. गेडी हातानेच वर येते, पाऊल फक्त तिच्यावर टेकलेलं असतं. एकाच गेडीवर सराव करा. एक पाय जमिनीवर, दुसरा ठोकळ्यावर, आणि ती गेडी हाताने ओढून उचलायची, थोडी पुढे ठेवायची, पुन्हा उचलायची. ठोकळा आणि बुटाच्या तळव्यामध्ये फट पडली नाही पाहिजे. शेजारी बसून कुणाला तरी ती फट बघायला सांगा, स्वतः खाली वाकून बघू नका. दोन्ही बाजूंना हे जमेपर्यंत दोन्ही गेड्यांवर चढण्याची घाई नको. वेळ इथे घालवला तर पुढचं फार लवकर येतं.

पाय फाकत जातात

वजन काठीच्या आतल्या बाजूला पडतं, त्यामुळे काठीचं वरचं टोक अंगाकडे झुकू पाहतं आणि खालचं टोक बाहेर राहतं. पावलागणिक हा कोन वाढतो. पाऊल काठीपासून जितकं लांब, तितकी ही ओढ जास्त. अंतर दुप्पट झालं की ओढही दुप्पट. म्हणून बुटाची आतली नव्हे, बाहेरची कड काठीला चिकटलेली हवी, आणि ठोकळा १० सेंटीमीटरपेक्षा लांब नको. लांब ठोकळा सुरक्षित वाटतो, पण पावलाला काठीपासून दूर सरकायला जागा देतो. चालताना हातांनी काठ्या किंचित बाहेर दाबून उभ्या ठेवा. दोन टोकांमधलं अंतर कमरेच्या रुंदीइतकं राहिलं पाहिजे.

एका जागी उभं राहता येत नाही

हा दोष नाही. दोन टोकं जमिनीला टेकतात तेव्हा आधार म्हणजे जवळपास एक रेषा असते, आणि रेषेवर पुढे-मागे तोल धरता येत नाही. उभं राहायचं असेल तर जागच्या जागी लहान पावलं टाकत राहायचं. फ्रान्समधल्या लांद भागातले मेंढपाळ १९व्या शतकात दलदलीच्या माळावर उंच गेड्यांवरून कळप राखत, आणि थांबायचं असेल तेव्हा एका तिसऱ्या लांब काठीला टेकत. तिसरा बिंदू मिळाला की रेषेचा त्रिकोण होतो. आपल्याला तो हवा असेल तर भिंतीला पाठ लावा.

पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले, नजर तीन-चार मीटर पुढच्या जमिनीवर. पायांकडे बघितलं की डोकं पुढे जातं, डोक्यामागे खांदे जातात आणि माणूस पुढे पडतो. नेहमी पुढेच पडणाऱ्यांनी आधी हेच तपासावं.

गेडी उंच म्हणजे अवघड, असा समज आहे; तोल सांभाळण्यापुरतं तरी ते खरं नाही. तळहातावर पेन्सिल उभी धरता येत नाही, लांब काठी धरता येते, कारण लांब वस्तू सावकाश कलते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. गेड्यांचंही तसंच आहे. म्हणून अगदी बुटक्या, १० सेंटीमीटरच्या गेड्यांवर शिकायला गेलं तर त्या अस्वस्थ वाटतात. पण उंचीवरून पडल्यावर लागतंही जास्त, त्यामुळे २० ते ३० सेंटीमीटर ही सुरुवातीची मर्यादा पाळाच.

टोक घसरतं किंवा रुततं

टोकाला कुबडीला असतं तसं रबरी बूच बसवा. मिळालं नाही तर टोकाच्या कडा ३ मिलिमीटर घासून जाड रबराचा तुकडा चिकटवा आणि बाजूने गुंडाळून बांधा. खालून खिळा मारू नका, रबर झिजल्यावर खिळ्याचं डोकं फरशीवर सटकतं. उघडं लाकूड टोकाशी फुलतं, मग गेडी हळूहळू बुटकी होते, आणि दोन्ही सारख्या झिजत नाहीत. शिकायला घट्ट माती किंवा आखूड गवत घ्या. ओली फरशी, वाळू, मऊ चिखल या तिन्ही जागा टाळा.

उतरणं आधी शिका

चढण्याआधी उतरण्याचा सराव करा. तोल गेला की काठ्या घट्ट धरून ठेवायच्या नाहीत. पाय ठोकळ्यांवरून पुढे टाकून दोन्ही पायांवर जमिनीवर यायचं, काठ्या मागे पडू द्यायच्या. एका पायरीवर उभं राहून हे पुन्हा पुन्हा करा, म्हणजे खऱ्या वेळी विचार करावा लागणार नाही. मुलांना हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे घाला. पडताना आधी मनगटच पुढे येतं. मदतनीस समोर उभा राहून काठ्या हातांच्या वर धरू शकतो, पण त्याने काठ्या स्वतःकडे ओढायच्या नाहीत, फक्त पडू द्यायच्या नाहीत.

उंची वाढवताना

सलग वीस-पंचवीस पावलं न अडखळता पडू लागली आणि वळता येऊ लागलं, की ठोकळे वर न्यायला हरकत नाही. काठीत नवी भोकं पाडावी लागतील, ती जितकी कमी तितकी बरी. दोन बोल्टांमध्ये ११ सेंटीमीटर अंतर ठेवलं असेल तर तेवढ्याच अंतरावर वर एक भोक पाडा. आधीचं वरचं भोक आता खालच्या बोल्टसाठी वापरता येतं, आणि ठोकळा ११ सेंटीमीटर चढतो. आधारपट्टी लावली असेल तर जुनी तशीच राहू द्या आणि ठोकळ्याच्या नव्या जागेखाली दुसरी लावा. रिकाम्या भोकात खुंटी ठोकून टाका. वर गेल्यावर काठीची लांबी पुरते का ते पुन्हा मोजा, खांद्याच्या वर १५ सेंटीमीटर राहिलीच पाहिजे. आणि नव्या उंचीवर चालण्याआधी गेडी भिंतीला लावून, भिंतीचा आधार घेत एका ठोकळ्यावर पूर्ण वजनाने उभे राहा, थोडे हिसके द्या. मग दुसऱ्यावर. कुरकुर ऐकू आली तर खाली उतरा, नट तपासा, रेषे तपासा, मगच पुढचं पाऊल.